ओमला, रविवारच्या भांडणानंतर

प्रिय ओम,

फोन उचलत नाहीयेस म्हणून लिहितेय. रविवारी मी तुझ्या मित्राला "तुझा तो कॅप्टन" म्हणायला नको होतं, चुकलंच माझं. बाबा म्हणतात चार दिवस जाऊ दे, तो स्वतःच करेल, पण मला तेवढा दम निघत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, हे पत्र तुझ्या खाण्याझोपण्याबद्दल नाहीये. भांडण त्या दोन अमेरिकन रॉकवाल्यांत फ्रँक झॅपा मोठा की कॅप्टन बीफहार्ट यावरून लागलं होतं ना, मग तेवढ्याबद्दलच बोलू.

तुझं म्हणणं, झॅपा हिशोबी, सगळं आधीच कागदावर ठरलेलं, आणि बीफहार्टच्या डोक्यातून जे आलं ते त्याआधी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला राग आला कारण झॅपा मला मामाने दिला. दुपारी सगळे झोपले की आम्ही दोघं मागच्या खोलीत, टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी बारीक, आणि मामा बोट वर करून थांबायचा, "आता बघ, आता बघ", आणि बरोब्बर तिथेच सगळे वाजवणारे एकदम वळायचे, एकाचंही पाऊल मागे पडायचं नाही. मी म्हणायचे जादू आहे. मामा म्हणायचा जादू कसली, तालीम आहे. म्हणून तू हिशोबी म्हणालास ते मला मामाला बोलल्यासारखं लागलं.

तू फोन ठेवलास आणि त्याच रात्री मी रागारागाने बीफहार्टची ती रेकॉर्ड, ट्राउट मास्क रेप्लिका, लावली. 28च्या 28 तुकडे, हेडफोन लावून. पहिल्या रात्री नुसतं डोकं दुखलं. चार माणसं चार खोल्यांत बसून चार वेगळी गाणी वाजवतायत असंच वाटत होतं. दुसऱ्या रात्री मी फक्त एक गिटार धरली, बाकी सगळं सोडून दिलं, आणि तेव्हा कळलं की ती तेच तेच म्हणतेय, तिचं आवर्तन पक्कं आहे, फक्त शेजारच्या गिटारचं आवर्तन वेगळ्या लांबीचं आहे, म्हणून दर वेळी दोघी वेगळ्याच जागी एकमेकींना भेटतात. तिसऱ्या रात्री फक्त ड्रम ऐकले. आणि ओम, मी उठून बसले. अरे तो मुलगा ठेका धरतच नाहीये, तो त्या सगळ्यांच्या मधून बोलतोय! तू लहानपणी डब्यांवर वाजवायचास तेव्हा मी तुला ओरडायचे की एक काहीतरी धर, ते मला आठवलं.

तर हे मी मान्य करते, लेखी देते. बीफहार्टचा कान झॅपापेक्षा दुर्मिळ होता. झॅपाने जे केलं तिथे पोचायला एक रस्ता दिसतो तरी. लायब्ररीतली पुस्तकं वाचून स्वतःच स्वतःला शिकवलेला मुलगा, आणि हो, सुरुवात त्याने ड्रमवरच केली होती, तुझ्यासारखी. पंधराव्या वाढदिवसाला आईने पाच डॉलर देऊ केले तर हा म्हणाला त्यापेक्षा मला लाँग डिस्टन्स फोन करू दे, आणि त्याच्या लाडक्या संगीतकाराला, एडगार व्हारेझला, न्यूयॉर्कला फोन लावला. व्हारेझ घरी नव्हता, ब्रसेल्सला गेला होता, त्याची बायको बोलली. ती गोष्ट मला फार आवडते, त्या आईमुळे आवडते. पोराला कोणाचं वेड लागलंय हे तिला कळलंही नसेल, पण तिने फोन लावू दिला. पुढे 1966 साली फ्रीक आउट, पहिलीच रेकॉर्ड आणि तीही डबल, 1983 ला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, 1984 ला बुलेझसारखा मोठा संगीतकार त्याचं म्युझिक कंडक्ट करतोय. एका आयुष्यात 60च्या वर रेकॉर्ड. एकेक पायरी दिसते. बीफहार्टला पायऱ्याच नाहीत. पियानो येत नव्हता तरी पियानोवर बसायचा, बोटं पडतील तसं वाजवायचा, शीळ घालायचा, तोंडाने म्हणून दाखवायचा. आणि गाताना हेडफोनही घालायचा नाही, काचेपलीकडून जे काही झिरपत येईल तेवढ्यावर गायचा, म्हणून त्याचा आवाज बँडवर बसत नाही, बाजूने जातो, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. हे तू मला आधीच सांगितलं होतंस, मी ऐकलं नव्हतं.

पण मग ते सगळं कोणी उतरवलं? जॉन फ्रेंचने. ड्रमरने. डॉन, म्हणजे बीफहार्टच, पियानोवर एकदा जे वाजवायचा ते त्याला पुन्हा तसंच वाजवता येत नव्हतं, मग फ्रेंच शेजारी बसून नोटेशन लिहायचा, कुठला तुकडा कुठे जोडायचा ते ठरवायचा, आणि मग प्रत्येकाला त्याचा त्याचा भाग शिकवायचा. स्वतःचे ड्रम वर वेगळे. महिनोन् महिने ते सगळे त्या एकाच घरात, रोज 12-14 तास तालीम. एवढी पाठ झाली होती की स्टुडिओत गेल्यावर वाद्यांचं जवळपास सगळं काही तासांत रेकॉर्ड झालं. आणि 1969 साली रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा तिच्यावर फ्रेंचचं नावच नव्हतं. ड्रम वाजवले म्हणून नाही, लिहिलं म्हणून नाही, कुठेच नाही. त्याआधीच त्याला घरातून हाकललं होतं.

आणि त्या घरात ते काय खात होते माहितीये ना तुला, फ्रेंचने नंतर सांगितलंय, एक महिना तर दिवसाला एक छोटा कप सोयाबीन. पोरं दुकानातून खायला चोरताना पकडली गेली आणि जामीन कोणी भरला, तर झॅपाने. तुझ्या हिशोबी माणसाने.

मी खाण्याचं बोलणार नव्हते. बोलले. सॉरी.

पण एक गोष्ट मला राहून राहून छळते. झॅपा आणि डॉन शाळेतले दोस्त, कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंटाच्या कडेचं लँकेस्टर, करण्यासारखं काही नाही, आणि डॉनचे वडील पावाची गाडी चालवायचे. रात्री डॉनच्या घरी गाडीत उरलेले गोड पाव खात दोघं पहाटेपर्यंत रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड ऐकत बसायचे. भरल्या पोटी ऐकलेलं म्युझिक आहे ते. ज्या मुलाच्या घरात कधी पाव संपला नाही त्याने पुढे आपल्या पोरांना एका कपावर ठेवलं, हे कसं होतं रे? तो दुष्ट होता असं मला म्हणायचं नाहीये. मला वाटतं त्याला दिसतच नसेल. ज्याला एवढं वेगळं ऐकू येतं त्याला बाकीचं ऐकू येत नसेल, पोटातलं तर नाहीच.

तू म्हणशील झॅपाही काही साधू नव्हता. नव्हताच. त्याच 1969 साली त्याने मदर्स, म्हणजे आपला अख्खा बँड, एका झटक्यात घरी पाठवला, आणि त्याच्या बँडमध्ये चुकीला माफी नव्हती, टूरवर ड्रग घेतलेलं चालायचं नाही. पण तो पगार द्यायचा, आणि काय वाजवायचं ते स्वतः लिहून द्यायचा. रात्र रात्र जागून ते कागद त्याने काळे केलेले असायचे, ड्रमरने नाही. मामा ज्याला तालीम म्हणायचा ती हीच. आणि डॉनची ती रेकॉर्ड प्रोड्यूस करताना त्याच झॅपाने, ज्याला प्रत्येक सूर आपल्या मुठीत लागायचा, त्याने मूठ उघडली. त्याच्या मनात त्या घरातच सगळं रेकॉर्ड करायचं होतं, डॉनला वाटलं हा पैसे वाचवतोय, स्टुडिओ पाहिजे म्हणाला, तर झॅपा म्हणाला बरं, स्टुडिओ. त्याने ते म्युझिक सरळ केलं नाही, कानाला गोड केलं नाही. मित्रात आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी आहे हे ओळखणं आणि त्याला हात न लावणं, यालाही मी जिनियसच म्हणेन. तिथे मी अजून झॅपाच्याच बाजूने आहे, तू कितीही भांड.

आता जे बोलायचं नव्हतं ते. तुम्ही टाकलेला तो तालमीचा व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिला. तुझा मित्र उभा राहून तोंडाने काहीतरी म्हणतोय, हात हवेत, डोळे मिटलेले, आणि तू खाली ड्रमजवळ बसून मांडीवरच्या वहीत भराभर लिहितोयस. मग तू गिटारवाल्याला त्याच्या बोटांवर बोटं ठेवून काहीतरी दाखवलंस. माझा ऊर भरून आला, खरं सांगते. एवढी सहा माणसांची गाणी माझ्या पोराच्या वहीत आहेत! आणि मग खाली नावं आली, सगळं त्याचं, "संकल्पना, रचना, संगीत", आणि तुझ्यापुढे फक्त ड्रम. तू म्हणालास नावाचं काय एवढं आई, आम्ही कम्युनसारखे राहतो, आमच्यात तुझं माझं नाही. मामाही असंच म्हणायचा. त्या कॅसेटचा डबा अजून माझ्या कपाटात आहे, त्यातल्या अर्ध्या अधिक गाण्यांचे तुकडे मामाने बसवलेत, मी तिथे होते, मी पाहिलंय, आणि एकाही कॅसेटवर त्याचं नाव नाही. तो विषय आपण घरात काढत नाही, आत्ताही काढणार नाहीये.

तू नोकरी सोडलीस तेव्हा मी काही बोलले नाही, आठव. बाबा बोलले, मी त्यांना गप्प केलं. वाजव, बारा तास वाजव, चौदा वाजव. फक्त वही तुझ्याजवळ ठेव. पानावर तारीख घाल, त्याने काय म्हटलं आणि तू त्याचं काय केलंस ते वेगवेगळं लिही, तुकडे जोडणं म्हणजे कारकुनी नाही, ती रचनाच आहे. आणि नावाचं एकदा बोल त्याच्याशी, भांडून नाही, शांतपणे. त्याला दिसत नसेल तर दाखवायला हवं ना कोणीतरी. तो खरंच तसा असेल, तू म्हणतोस तेवढा मोठा, तर समजेल त्याला. बघ, लागले शिकवायला. तू पंचवीस वर्षांचा आहेस आणि तुला जे ऐकू येतं ते ऐकायला मला तीन रात्री लागल्या, मी काय शिकवणार.

डॉनने 1982 नंतर म्युझिक सोडलं, चित्रं काढत राहिला, 2010 मध्ये गेला. झॅपा त्याच्या आधीच, 1993 मध्ये, 52 वर्षांचा. आजारी होता तरी 1992 ला फ्रँकफर्टला जाऊन उभं राहून त्याने स्वतःचं थोडं म्युझिक कंडक्ट केलं. फ्रेंच मात्र पुन्हा डॉनकडे गेला, परत त्याच्यासोबत वाजवलं, एकदा नाही, अनेकदा. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ तशीच बसले होते. मला ते कळतं आणि मला त्याची भीती वाटते, दोन्ही.

व्हिडिओत, ओम, तू काठी वर उचललीस ना, पहिल्या तुकड्याच्या शेवटी, तेव्हा मामाचं घड्याळ तुझ्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घसरलं. गेल्या वर्षी तुला दिलं तेव्हा ते घट्ट होत होतं, पट्टा शेवटच्या भोकात लावून दिला होता मी स्वतः. मामाचंही असंच घसरायचं, शेवटी शेवटी.

उद्या रात्री मी जागी आहे, दहानंतर कधीही कर. बोलायचं नसेल तर नुसतं एखादं नवीन काहीतरी वाजवून दाखव, फोन ड्रमजवळ ठेव, मी ऐकेन. आणि घड्याळाच्या पट्ट्याला नवीन भोक पाडू नकोस.

आई