पट एकोणीस, चौथीत चार : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ऊसतोड कुटुंबांची मुले शिकतात त्या कमी पटाच्या शाळांची गुणवत्ता मोजण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सेवेची शेवटची नऊ वर्षे काढली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मी निवृत्त झाले त्या वर्षी पट १९ होता आणि त्यात ११ मुली होत्या. हे प्रमाण आपोआप आलेले नाही. तांड्यावर ज्याला परवडते तो मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो आणि त्याच घरातली मुलगी आमच्याकडे येते. दोन घरे वगळली तर सगळ्यांची घरची बोली गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), आणि १३ मुलांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली, टोळ्या निघाल्या, की आजीआजोबांजवळ राहणारी दोन मुले सोडून बाकीची ११ मुले कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर, जात आणि वर्गात आठ उरत.

एका आढावा बैठकीत आमच्या शाळेचे नाव पडद्यावर लाल रंगात आले : चौथी, गणित, ५० टक्के. चौथीत मुले चार. त्यामुळे ५० टक्के म्हणजे दोन मुले मागे, आणि त्या दोघांनाही मी नावाने ओळखत होते. त्यातली एक मुलगी नोव्हेंबरात सहा महिन्यांच्या भावाला सांभाळायला फडावर गेली होती. ती गुढीपाडव्यानंतर परतली आणि जेमतेम दोन आठवडे वर्गात बसून वर्षाअखेरच्या संकलित मूल्यमापनाला सामोरी गेली. दुसऱ्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि तो वर्षभर माझ्यासमोर बसलेला असल्यामुळे ती उणीव निखालस माझी होती. पडद्यावर मात्र दोघांचा रंग एकच होता. एका मुलाने टक्केवारी २५ ने वरखाली होते तिथे ती टक्केवारी शाळेबद्दल फारसे काही सांगत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

मोठ्या सर्वेक्षणांचीही तीच अडचण आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले आणि त्या वर्षीचा गळीत हंगाम राज्यात १५ ऑक्टोबरपासून सुरू झाला होता. त्यानंतरचे परख सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात झाले. तारखा देशभरासाठी ठरतात, त्या उसाचे वेळापत्रक पाहून ठरणार नाहीत, हे मला कळते. पण उलट बाजूही पाहावी. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्यासाठी, पट धरला जातो ३० सप्टेंबरचा, तेव्हा आमची सगळी मुले वर्गात असतात. निष्पत्ती मोजायच्या वेळी एकतर ती नसतात किंवा नुकती परतलेली असतात. हिशेब ज्या मुलांवर सुरू होतो त्यांच्यावर तो संपत नाही, आणि मधल्या चार-पाच महिन्यांची नोंद हजेरीपटावर फक्त गैरहजेरी म्हणून उरते.

भाषेचा मुद्दा थोडक्यात मांडते. पहिलीच्या तपासणीत मुलाला भाकरीचे चित्र दाखवले आणि तो चटकन ‘बाटी’ म्हणाला. गोरमाटीत भाकरीला बाटीच म्हणतात. तपासणाऱ्यांनी चुकीची खूण केली. त्या मुलाला आईसाठी ‘याडी’ हा शब्द आहे, पाटीवर लिहायला ‘आई’. हे अंतर ओलांडायला त्याला वर्ष-दीड वर्ष लागते आणि त्या काळात त्याला ‘अप्रगत’ म्हणणे म्हणजे दुसरी भाषा शिकत असल्याबद्दल त्याला दोष देणे आहे.

२०२३च्या सप्टेंबरात समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याची, कल्पना पुढे आली तेव्हा राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी असल्याचा आकडा सांगितला गेला. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांची उदाहरणेही दिली गेली. या विचारात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वर्गात एकच मूल असेल तर त्याला गटात काम करायला, भांडायलाही कोणी नसते, आणि लहान शाळा आहे म्हणून ती चांगलीच असते असेही नाही. पण हंगामात आजीच्या भरवशावर मागे राहिलेले सात वर्षांचे मूल रोज सकाळी गाडी गाठू शकेल का, याचे उत्तर पटाच्या आकड्यात मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर आणि ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले, ते याच मुलांना समोर ठेवून धरले असावेत. चार इयत्ता एका शिक्षकाच्या हाती दिल्या आणि तोच शिक्षक पोषण आहाराची, यू-डायसची (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), आधारची माहिती भरत बसला, तर शाळा बंद करण्याचा आदेश काढण्याची गरजही उरत नाही.

माझी पहिली विनंती अशी की, एखाद्या इयत्तेत दहापेक्षा कमी मुले असतील तिथे टक्केवारीवरून शाळेची प्रतवारी करू नये. प्रत्येक मूल जूनमध्ये कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोहोचले, आणि मध्ये किती दिवस प्रत्यक्ष वर्गात होते, हे तीन रकाने पुरेत. दुसरी विनंती हंगामी वसतिगृहांची, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीची. कोणते जोडपे कोणत्या कारखान्यावर जाणार हे टोळी जमवणाऱ्या मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) देतानाच ठाऊक असते, आणि ते दसऱ्याच्या कितीतरी आधी. आमच्याकडे एका वर्षी वसतिगृहाची मंजुरी हातात पडली तेव्हा टोळ्या जाऊन महिना झाला होता, आणि आजीकडे राहू शकली असती अशी चार मुले फडावर पोहोचली होती. मुलांच्या याद्या शिक्षक भाद्रपदात देऊ शकतात. मंजुरी आणि पहिला हप्ता घटस्थापनेपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर यावा, आणि जी मुले तरीही जातील त्यांचे शिक्षण हमी कार्ड (मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि काय शिकले याची नोंद) टोळी निघण्याच्या दिवशी भरून त्यांच्या हाती असावे. कारखान्याजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात घेतले की नाही, याची उलट पोच मूळ शाळेला आठवड्याभरात मिळावी. माझ्या नऊ वर्षांत अशी पोच मला दोनदा मिळाली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. बीड