एकट्यापेक्षा तिघे बरे

‘लहान घरात एकच कुत्रा पुरे’ असा सल्ला देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. कुत्रा मुळात सोबतीने राहणारा प्राणी. घरचे कामाला गेले की एकटा कुत्रा दाराकडे डोळे लावून बसतो. आमच्याकडे ठेंगण्या जातीचा एक डॅशहुंड आणि दोन चिवावा माद्या आहेत. चिवावाचे वजन जेमतेम 3 किलो. तिघांचे मिळून एका लॅब्रॅडोरच्या निम्मेही भरत नाही. मग जागेची अडचण कसली? एकाने पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंचावला, की ती खेळायला बोलावण्याची खूण, आणि बाकीचे दोघे क्षणात धावतात. थंडीत एकाच पांघरुणात शिरतात, तेव्हा कुणाची शेपटी कुठली ते कळत नाही. डॅशहुंड आजारी पडला, तेव्हा दोघी त्याच्या अंगाला टेकून बसून होत्या. ते पाहून माझेच डोळे भरून आले.

जबाबदारी वाढते, हे खरे. रेबीजची लस प्रत्येकाला वेळेवर हवीच आणि लहान जातीची कुत्री बहुधा 12 ते 15 वर्षे जगतात. आणण्याआधी विचार करावा तो या वर्षांचा, घराच्या चौरस फुटांचा नव्हे.

— एक वाचक