रात्रपाळीच्या आण्णांना

प्रिय आण्णा,

साष्टांग नमस्कार.

व्यंगचित्र कुठं शिकलात, असं हल्ली मला बऱ्याचदा विचारतात. मी आर्ट कॉलेज सांगतो. वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांची नावं घेतो. सरवट्यांचा जन्म कोल्हापूरचा, फडणीस इथं शिकलेले. इथल्या पोराला ती नावं घेताना अभिमान वाटणारच. त्यांच्या आधी तुमचं नाव यायला हवं. पण "माझं नाव छापायचं न्हाई" असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं आण्णा लिहितो.

1990 च्या आसपास माझा दिवस गल्लीतले दिवे मालवल्यावर सुरू व्हायचा. दिवसा हातच चालायचा नाही. पहाटे झोपायला घरी निघालो की गंगावेश तालमीत पोरं जोर मारायला उठलेली असायची. अशा गावात ऊन डोक्यावर येईपर्यंत लोळणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला. वडिलांनी बोलणंच टाकलं होतं. विशीच्या आसपास झोपेची वेळ मुळातच उशिरा सरकते, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा ते तुम्हालाही ठाऊक नसणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "जागतोस ते जागतोस, हातानं काय करतोस?"

आणि वर्तमानपत्राच्या छापखान्यात, पानं चिकटवून जुळवायच्या पेस्टिंगच्या खोलीत, मला स्टूल दिलंत.

पहिलं चित्र आणलं ते केसासारख्या बारीक रेघांच्या जाळीचं. मी त्यावर भलताच खूश होतो. तुम्ही काही बोलला नाहीत. छापखान्याच्या कॅमेऱ्यावर ते दोन कॉलमांत बसेल एवढं लहान करून आणलंत आणि निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवलीत. सावलीची जाळी एकमेकांत मिसळून गेलेली, नाकाची रेघ मधेच तुटलेली. "अजून कागदानं शाई प्यायची हाय," तुम्ही म्हणालात. "निम्म्या रेघा काढून टाक. ऱ्हायलेल्या जाड कर." मग ब्रशनं ओपेक, म्हणजे उजेड अडवणारा रंग, लावून निगेटिव्हवरचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके बुजवत बसलात. पानाची घाई, वर उपसंपादकांची ओरड, तरी तुमचा हात जराही हलत नव्हता. रेघ ओढताना श्वास कुठं धरायचा, हे मी तिथं बघून शिकलो.

मशीन सुरू झालं की पहिल्या प्रतीवर, माझी रेघ जिथं पडली असेल तिथं, तुम्ही लाल पेनानं गोल करायचात. मग डबा उघडायचा. भाकरी, खर्डा, आणि निम्मं माझं.

आता मी टॅबलेटवर काढतो. कितीही मोठं करून बघता येतं. तरी चित्र देण्याआधी ते बोटाएवढं लहान करून बघतोच.

पण हे पत्र त्यासाठी नाही. एका दुपारी स्वतःची झोप मोडून तुम्ही आमच्या घरी आलात. वडिलांना म्हणालात, "तुमचा पोरगा रात्रपाळीला असतोय. दुपारी त्याला झोपू द्या." गिरणीत पाळ्या केलेल्या माणसाला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी खिडक्या लावून घ्यायला लागली, आणि कुणी दारात आलं की वडीलच म्हणायचे, "हळू बोला, पोरगं कामावरनं आलंय."

आण्णा, त्या दुपारसाठी मनापासून आभार.

दिवाळी अंक हातात आला की घेऊन येतो. लाल पेन काढून ठेवा.

तुमचा,
स्टुलावरचा पोरगा