बाई, तुमच्या सोफ्यावरचा तो निळा डाग

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर तुम्ही दहावीपासून ओळखता, म्हणून हे पत्र टाइप करून सगळ्यांसमोर ठेवतोय. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही 'पुरे, चहा घे' म्हणून विषय बदलला असतात.

सर्टिफिकेट आलं. आयआयसीआरसी ही सफाईकामाची प्रमाणपत्रं देणारी अमेरिकेतली संस्था, 1972 सालची. कापडी फर्निचर साफ करण्याचा तिचा दोन दिवसांचा कोर्स मी पास झालो. आईने ते फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलंय. शेजारचे काका अजून विचारतात, "सोफे धुवायला सर्टिफिकेट कशाला रे?" मीही दोन वर्षांपूर्वी हेच विचारलं असतं.

तुम्हाला आठवतं ना, मी तुमच्याकडे पहिल्यांदा मशीन घेऊन आलो तो दिवस? नातवाने कोकम सरबत सांडलं होतं. मी ऐटीत डिटर्जंटचं पाणी मारलं आणि लाल डाग डोळ्यांदेखत निळसर हिरवा झाला. मला घाम फुटला. तुम्ही काही न बोलता आत गेलात, अर्धं लिंबू आणलंत आणि डागाच्या कोपऱ्यावर दोन थेंब पिळलेत. तेवढा भाग परत लाल. "मेल्या, हा लिटमस पेपर आहे. दहावीला 38 मार्क कसे पडले ते आता कळलं."

तिथून खरी शिकवणी सुरू झाली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, आणि चुना घातला की हळदीचं कुंकू का होतं, दोन्हीचं उत्तर एकच, अल्क, हे तुम्ही आजीच्या कुंकवाच्या करंड्यावरून सांगितलंत. शाळेत तुम्ही पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, शिकवला होता तेव्हा तो फळ्यावरच राहिला होता.

मग मी तुम्हाला गुहागरच्या होमस्टेची गोष्ट सांगितली, जी घरी कुणालाच सांगितली नव्हती. पांढऱ्या सुती कापडाची कुशनं, जुलै महिना, खिडक्या बंद. मी भरपूर पावडर घालून धुतली, दोन दिवसांत ती चहात बुडवल्यासारखी तपकिरी झाली. मालकाने पैसे दिले नाहीत, आणि त्याचं चुकलं नाही. मी मशीनला दोष देत होतो. तुम्ही विचारलंत, "पाण्यात सोडा किती होता, आणि वाळायला किती वेळ लागला?" कापूस फार वेळ ओला राहिला आणि पाणी अल्कधर्मी असलं तर त्याच्यातलाच रंग सुटून वर येतो. अल्क काढून टाकण्यासाठी शेवटी सौम्य आम्लाने धुवायचं आणि लवकरात लवकर वाळवायचं, एवढंच. आपल्या पावसाळ्यात 'लवकर वाळवणं' हीच निम्मी कारागिरी आहे, हे मात्र अमेरिकेतल्या शिक्षकाला सांगून पटेना.

कोर्स ऑनलाइन होता, तिकडच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहापासून पहाटे साडेतीनपर्यंत. आमच्याकडे नेट धड चालत नाही म्हणून तुम्ही तुमची पुढची खोली दिलीत. पहिल्याच रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण राउटरला त्याची लाइन नव्हती. तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर आपण दोघं डोकं लावून बसलो. तो मास्तर भरभर बोलायचा, मी 'सेल्युलोजिक' असं देवनागरीत लिहून घ्यायचो, आणि तुम्ही समासात 'म्हणजे कापूस, ताग, लिनन' असं लिहायचात.

कापड ओळखायची परीक्षा आपण आधीच ओटीवर घेतली होती. सुती लुगड्याचा धागा जळला तेव्हा कागद जळाल्याचा वास. तुमच्या लग्नातल्या शालूचा धागा जळला तेव्हा केस जळाल्याचा. (तो शालूचा काठ तुम्ही स्वतः उसवलात, मी नको म्हणत होतो.) मासेमारीच्या जाळ्याचं नायलॉन वितळून कडक मणी झाला. पडद्याचा व्हिस्कोजचा धागा मात्र कापसासारखाच जळला आणि मी फसलो. तेही सेल्युलोजच, पण ओलं झालं की त्याची ताकद उतरते. तुम्ही तो धागा जिभेने ओला करून ओढलात आणि तो तुटला. आता गिऱ्हाइकाकडे गेलो की आधी शिवणीच्या आतला एक धागा मागतो, आणि मागच्या बाजूला ओलं पांढरं फडकं दाबून रंग उतरतो का ते पाहतो. तिकडच्या सोफ्यांना लेबल असतं: डब्ल्यू असेल तर पाण्याचं चालतं, एस असेल तर पाणी नाही, फक्त सॉल्व्हंट (डाग विरघळवणारं रसायन), एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. आपल्याकडे सुताराने घरी येऊन केलेल्या सोफ्याला कसलं लेबल?

दुसऱ्या रात्रीचं लिहू की नको, असं झालं होतं. लिहितो. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, तसल्या पाण्यात भिजलेला फोम आणि गादी धुऊन वापरायची नाही, टाकून द्यायची, असं मास्तरने सांगितलं आणि मी वही मिटली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली, त्यानंतर महिनाभर मी तेच तर करत होतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने लाल चिखल काढायचा, उन्हाची तिरीप आली की सोफे रस्त्यावर ठेवायचे आणि परत घरात द्यायचे. लोक दुवा द्यायचे. एका घरात त्या सोफ्यावर तान्हं बाळ झोपवलेलं मी पाहिलं होतं.

तुम्ही माझी समजूत घातली नाहीत, याबद्दल सगळ्यांत जास्त आभार. म्हणालात, "घरं आठवतायत ना? जाऊन सांग." अकरा घरं आठवली. चार जणांनी सोफा आधीच बदलला होता. पाच जणांनी ऐकून घेतलं, त्यातल्या दोघांनी फोम काढून टाकला. एकीने चहा दिला. एकाने पैसे परत मागितले, ते मी दिले. बाळ झोपायचं ते घर मुंबईला गेलंय, तिथे फोन केला.

फीचे जे पैसे तुम्ही दिलेत, त्यातले अर्धे या पाकिटात आहेत. उरलेले दिवाळीपर्यंत. 'नको' म्हणू नका, मी हिशेबाची वही ठेवलीय.

तुमच्या सोफ्यावरचा डाग अजून फिकट दिसतो, मागच्या आठवड्यात पाहिला. कापड रेयॉन (म्हणजे तेच व्हिस्कोज) मिश्रणाचं आहे, त्यामुळे घासणार नाही. आता पावसात ओलंही करत नाही. नारळी पौर्णिमेनंतर चार दिवस उघडीप मिळाली की दोन पंखे घेऊन येतो, गणपतीत पाहुणे येण्याआधी होऊन जाईल. तोवर त्याच्यावर कुणाला काही लावू देऊ नका. लिंबूसुद्धा नको, बाई.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी