वर येऊ नका, मी खाली येतो

फिजिओ ताई, नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण अशोक चौकाच्या बाजूला आमच्या गल्लीत स्कूटी लावून दोन जिने चढणाऱ्या ताई म्हटलं की शेजारीपाजारी ओळखतात.

उजव्या गुडघ्याची वाटी बदलली म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत. (वाटी नव्हे, हाडांच्या घासलेल्या टोकांवर धातूचं आवरण आणि मधे प्लास्टिक, हे तुम्हीच सांगितलंत. गल्लीत अजून सगळे वाटीच म्हणतात.) एक्स-रे झकास, जखम कोरडी, आणि पाय मात्र गादीवरून वीतभर उचलेना! ऑपरेशन फसलं, असंच मी धरून चाललो होतो.

तुम्ही मांडीवर हात ठेवून म्हणालात, "काका, गुडघा जागेवर आहे, मांडी झोपलीय." पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येते. स्नायू बारीक होतो हे खरंच, पण मेंदूचा हुकूमच त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही, आणि सूज असली की तो आणखी अडतो. 34 वर्षं यंत्रमाग चालवलाय मी. मोटर फिरतेय पण पट्टा घसरतोय, एवढं मला लगेच कळलं.

आमच्या हिने मायेने गुडघ्याखाली चादरीची घडी ठेवली होती. बरं वाटायचं. तुम्ही ती काढून गुंडाळी केलीत आणि टाचेखाली सरकवलीत, कारण गुडघा वाकलेलाच राहिला तर पुढे सरळ होत नाही. जन्मभर सोलापुरी चादरी विणल्या. त्यातलीच एक अशी वैरीण होईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्याशी तिरकं बोललो. माफ करा.

मग करंटच्या मशीनने मांडी फडफडवणं, बर्फ, पाय ताठ ठेवून उचलणं. खुर्चीवर दोन उश्या ठेवून हात न टेकता उठायचं, जमलं की एक उशी कमी. मला वाटे, मी सरळ उभा राहतो. तुम्ही दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेक पाय त्यांवर ठेवायला लावलात: डावा 39 किलो, उजवा 23. ती चोरी मला स्वतःला माहीत नव्हती. त्यानंतर मी व्यायाम चुकवला नाही. खोटं कशाला, दिवाळीत चार दिवस चुकवला.

जिन्याचा मंत्र तर नातवालाही पाठ आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आता मी एका पायरीवर एकच पाय ठेवत जातो, कठडा हाताशी धरून.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ लग्नाच्या अक्षतांसाठी उभा होतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आले, 'हर्र बोला'चा गजर झाला, आणि घरी आल्यावर ध्यानात आलं की बसायला जागा मी शोधलीच नव्हती. उजवी मांडी अजून डाव्याइतकी भरलेली नाही. तुम्ही म्हणालात, वर्षभर लागू शकतं. लागू दे.

हिने शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकऱ्याही आहेत. इकडून जाताना हॉर्न वाजवा. वर येऊ नका, मी खाली येतो.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका