मालवणच्या शिडीवर माझ्यासाठी थांबलेल्या भावास

अमळनेर, जि. जळगाव

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

खरे तर हे पत्र टपालाने पाठवायचे होते. परंतु तुमचा पत्ता आणि फोन क्रमांक लिहिलेला कागद मी ज्या पिशवीत ठेवला होता, त्याच पिशवीत ओला टॉवेल कोंबण्याची बुद्धी मला झाली आणि घरी पोहोचेपर्यंत त्या कागदाचा लगदा झाला. तुमचे आडनाव मला ठाऊक नाही, आणि होडीवर सगळे जण तुम्हाला ज्या घरगुती नावाने हाक मारत होते ते असे चारचौघांत लिहिणे बरे दिसणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नांगरलेल्या तुमच्या निळ्या होडीवर, पंजाबी ड्रेसवरच वेटसूट चढवण्याचा हट्ट धरून बसलेली खानदेशातील एक शिक्षिका तुम्हाला आठवत असेल, तर हे पत्र तुमचेच आहे.

स्कूबा डायव्हिंगचा बेत माझा नव्हता. नोकरीला लागलेल्या लेकीने पहिल्या बोनसमधून आम्हा दोघांना कोकण दाखवायचे ठरवले, जळगावहून पनवेल आणि तेथून कुडाळ असा प्रवास झाला, आणि मालवणात पोहोचल्यावर तिने जाहीर केले की उद्या सकाळी तिघांनीही पाण्याखाली जायचे आहे. पोहता येत नसले तरी चालते, प्रशिक्षक सतत सोबत असतो, पाच-सहा मीटरच्या पुढे नवख्यांना नेत नाहीत, असे सगळे तिने रात्री जेवताना समजावून सांगितले. मी मान हलवली. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्याचे कारण मी त्या दिवशी तुम्हाला सांगितले नाही, ते आज सांगते. आमच्याकडे विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजतात. माझ्या माहेरच्या मळ्यातील विहिरीला चांगल्या पावसाच्या वर्षी दिवाळीपर्यंत तीन परस पाणी असे. माझे भाऊ पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकले. मुलींनी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे असत. आठ वर्षांची असताना पायऱ्यांवरच्या शेवाळावरून घसरून मी त्या पाण्यात गेले. आमच्या सालदारबाबांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेऊन मला बाहेर काढले आणि पाठीवर थोपटत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “घाबरू नको, मी शे ना.” पुढे ते गाव सोडून गेले आणि त्यांचे आभार मानायचे राहून गेले. पाण्याची भीती मात्र राहिली. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर सगळे घर स्नान करीत असताना मी घोटाभर पाण्यात उभी राहून तांब्याने डोक्यावर पाणी घेते, यावरून घरात आजही माझी थट्टा होते.

होडीवर तुम्ही दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया आणि सर्दी यांबद्दल एकेक करून विचारलेत, तेव्हा यांतले काहीतरी आपल्याला असते तर किती बरे झाले असते, असे माझ्या मनात येऊन गेले. नंतर तुम्ही सिलिंडरमध्ये केवळ ऑक्सिजन नसून आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते, असे सांगितलेत आणि मी मनातल्या मनात ओशाळले, कारण पाणबुडे पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी घेऊन जातात असे मी 26 वर्षे वर्गात सांगत आले आहे. हाताच्या खुणाही तुम्ही दोनदा करवून घेतल्यात: अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे सर्व ठीक, आणि अंगठा वर म्हणजे मला वर न्या. शाबासकीसाठी उठता-बसता अंगठा दाखवणाऱ्या शिक्षिकेला ही दुसरी खूण अंगवळणी पाडणे सोपे नव्हते.

पहिल्या प्रयत्नाची हकिकत तुम्हाला माहीतच आहे. शिडीवरून छातीपर्यंत पाण्यात उतरले, सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातांत धरला, तोंड पाण्याखाली गेले आणि सवयीने मी नाकाने श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला, जीव गुदमरला, मी रेग्युलेटर थुंकून टाकला आणि त्याबरोबर दोन घोट खारट पाणी पोटात गेले. मी शिडीला अशी मिठी मारली की तुम्हाला माझी बोटे सोडवावी लागली. शेजारच्या होडीवरील मंडळी हसत होती. आमच्या यजमानांनी वरून हाक दिली, “राहू दे आता, पैसे गेले तर गेले.”

त्या घटकेला तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे. शेजारच्या होडीवर अशाच घाबरलेल्या एका बाईंना त्यांच्या प्रशिक्षकाने “काही होत नाही” म्हणत खांद्याला धरून थेट खाली नेले होते आणि त्या दोन मिनिटांत रडवेल्या होऊन वर आल्या होत्या. गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना घाई करण्याचा मोह मला समजतो. चाळीस मुलांच्या वर्गात मीही तो अनेकदा आवरू शकलेली नाही. तुम्ही मात्र माझ्या पाठीवरचा सिलिंडर उतरवून ठेवलात, मला शिडीच्या पायरीवर बसवलेत, लेकीला आणि यजमानांना तुमच्या सहकाऱ्याबरोबर पुढे पाठवलेत आणि म्हणालात, “काकी, मी आसंय मां.” मालवणी मला येत नाही, पण हे वाक्य समजायला मला भाषांतराची गरज नव्हती.

मग धडा सुरू झाला. नुसता मास्क लावून चेहरा पाण्यात घालायचा आणि तोंडाने श्वास सोडायचा, एवढेच. त्यानंतर होडीवरच ठेवलेल्या सिलिंडरचा रेग्युलेटर तोंडात धरून, शिडीला धरूनच वीस श्वास. तुम्ही बोटांवर मोजत होतात. मी मनात बेचा पाढा म्हणत होते. बे एके बे म्हणताना श्वास आत, बे दुणे चार म्हणताना बाहेर. पहिल्या वेळी बे पंचे दहापर्यंत जाऊन डोके वर काढले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते पुन्हा पाण्याकडे बोट दाखवलेत. चौथ्या खेपेला बे दाहे वीस झाले आणि वर यायचे माझ्या लक्षातच राहिले नाही. एक गोष्ट मी तेव्हाच टिपली होती: पुढची पायरी उतरायची की नाही हे दर वेळी तुम्ही माझ्याकडून वर्तुळाच्या खुणेने वदवून घेतलेत. मी खूण करीपर्यंत तुमचा हात खाली उतरण्याच्या दोराकडे गेला नाही.

खाली उतरताना कानाचे दुखणे अपेक्षेहून फार लवकर सुरू झाले. परसभर खाली गेलो असू तेवढ्यात कोणी उजव्या कानात दाभण खुपसावे तशी कळ आली. दहा मीटर खोलीवर पाण्यासह एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, हे मला पुस्तकातून पाठ होते. परंतु हवेच्या आकारमानातील फरक सर्वांत झपाट्याने पहिल्या काही मीटरमध्येच पडतो आणि म्हणून नवख्याचे कान अगदी वरच दुखू लागतात, हे कोणत्याही पाठात मी शिकवले नव्हते. घाबरून मी नाक चिमटीत धरले आणि जोराने फुंकू लागले. तुम्ही माझ्या मास्कसमोर तर्जनी हलवून मला थांबवलेत, मला धरून हातभर वर घेतलेत, कळ ओसरू दिलीत आणि स्वतःचे नाक धरून अगदी हळू, गरम चहावर फुंकर घालावी इतके हळू फुंकून दाखवलेत. माझ्या कानात टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि कळ नाहीशी झाली. त्यानंतर दर दोन-तीन फुटांवर तुम्ही थांबत होतात, कानाकडे बोट करून विचारत होतात आणि माझे वर्तुळ पाहूनच पुढे सरकत होतात.

तळ दिसला तेव्हा सर्वांत आधी मला माझाच श्वास ऐकू आला. लोहाराचा भाता चालावा तसा, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कानाजवळून बुडबुडे वर जात होते. जाहिरातीतले निळेशार पारदर्शक पाणी तेथे नव्हते. पाणी हिरवट होते आणि काही हातांपलीकडचे सारे धूसर होते. मला त्याचे वाईट वाटले नाही, उलट लांबचे दिसत नसल्यामुळे जवळचे नीट पाहिले गेले. मनगटावरचा देवीचा लाल दोरा तपकिरी दिसू लागला होता, कारण पाण्यात प्रकाशाचा तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. समोरच्या दगडाला हात लावायला गेले तर हात तोकडा पडला. पाण्याखाली मास्कमधून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या आणि जवळ भासतात, हे तुम्ही वर सांगितले होते आणि मी विसरले होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या हाताभोवती फिरून गेला. एका कपारीत लांब काळ्या काट्यांचा गोळा होता, त्याकडे माझी बोटे जाऊ लागताच तुम्ही मनगट धरलेत. तो समुद्री साळू होता, हे वर आल्यावर कळले. आनंदाच्या भरात मी तुम्हाला शाबासकीचा अंगठा दाखवायला निघाले होते, तुम्ही भुवया उंचावून पाहिलेत आणि मी घाईघाईने त्याचे वर्तुळ केले. तुमच्या रेग्युलेटरमधून एकदम खूप बुडबुडे निघाले, त्यावरून तुम्ही हसत होतात असे मी समजते.

शेजारचे प्रशिक्षक पाव कुस्करून माशांची झुंबड जमवत होते, तुमच्या हातात पाव नव्हता. होडीवर मी कारण विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात की मासे पावाला सोकावले तर खडकावरचे शेवाळ खाणार कोण, आणि शेवाळ वाढले तर प्रवाळ जगणार कसे. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे मला माहीत होते. पण माशांची गर्दी दिसली नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पर्यटकाचे तोंड रोज सहन करून अभयारण्याची शिस्त पाळणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

वर येताना श्वास रोखायचा नाही, हे तुम्ही निघण्यापूर्वी तीनदा बजावले होते. दाब कमी होताना फुप्फुसातील हवा फुगते आणि कोंडलेली हवा इजा करते, हे कारणही सांगितले होते. म्हणून पूर्ण वाटभर मी पाढा म्हणत, एकसारखा श्वास घेत-सोडत आले. होडीत बसल्यावर मी पिशवीतल्या बिबड्या काढल्या आणि तुम्ही सगळ्यांनी त्या ज्वारीच्या पापडाचा पत्ता विचारत पाच मिनिटांत डबा रिकामा केलात, त्याचे सुख मला पाण्याखालच्या माशांइतकेच झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंधुदुर्ग किल्ला पाहायला गेलो. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मार्गदर्शक इतिहास सांगत होता आणि मी दूधबावच्या कठड्याशी जाऊन, कोणाचाही हात न धरता, वाकून आत पाहिले. पाण्यात माझा चेहरा दिसला. लेकीने मागून फोटो काढला आहे, त्यात माझी फक्त पाठ आहे. तरीही तो आम्ही मोठा करून घेतला आहे.

शाळा उघडल्यावर मी ऑक्सिजनच्या नळकांड्यांची चूक मुलांसमोर दुरुस्त केली. बादलीत पेला उपडा घालून आतला कागद कोरडा कसा राहतो ते दाखवले, आणि मग सगळ्या वर्गाने नाक धरून, हळू, कान मोकळे करण्याचा सराव केला. मुख्याध्यापक दारातून डोकावून काही न बोलता निघून गेले. चौथीतील एका मुलाने विचारले की आपल्या बोरी नदीचे पाणी बाई जेथे उतरल्या तेथे जाते का. बोरी तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला, एवढे नकाशावर दाखवून मी सुटले.

दुसऱ्या एका मुलीच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता आले नाही. बहुतेक माशांना पापण्या नसतात, मग ते रात्री झोपलेले कसे ओळखायचे, असे तिने विचारले आहे. तुम्ही रात्रीच्या वेळी त्या खडकांपाशी उतरला असाल, तर काय पाहिलेत ते चार ओळींत कळवावे. अमळनेर तालुक्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत “मालवणला बुडी मारून आलेल्या बाई” असे विचारले, तर पत्र माझ्यापर्यंत पोहोचेल. बिबड्यांचा डबा तयार आहे, फक्त तुमचा पत्ता पाहिजे.

तुमची,
बेचा पाढा म्हणणारी काकी