वायरमनकाकांना, आंजर्ल्याच्या वाडीतून

वायरमनकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "ह्या, त्यात काय!" म्हणून स्कूटरला किक मारणार. म्हणून हे उघडं पत्र.

पावसाळ्यात आई शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरली आणि मी मुंबईहून ५० वॅटचे दोन फ्लडलाइट घेऊनच आलो. माडाला खिळे ठोकायचे, बटण दाबायचं, वाडी लख्ख! तुम्ही खोकं उघडलंसुद्धा नाही. "उजेड सुरूच्या बनातून थेट पुळणीवर जाणार. पिल्लांनी जायचं कुठं?" कासवाचं पिल्लू वाळूतून वर आलं की उजळ बाजूला सरपटतं, आणि काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. दरवर्षी कासव महोत्सवाला येऊनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मग तुमचे १२ व्होल्टचे दिवे आले. तीन-तीन वॅटचे आठ, पिवळसर केशरी, गुडघ्याएवढे, वर टोपी. मी आणलेल्या बारीक वायरीवर चाळीस मीटरनंतरच्या शेवटच्या दिव्यापाशी मीटर ९.९ व्होल्ट दाखवत होता. "व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त, २३०च्या एकोणीस पट. बारीक वायर व्होल्ट वाटेतच खाते," म्हणत तुम्ही अडीच स्क्वेअर मिलिमीटरची जाड केबल ओढलीत. मीटर ११.३ वर आला.

चर खणायला बोलावलेले गडीही परत पाठवलेत. १२ व्होल्टला तेवढं खोल जायची गरज नाही म्हणून गडग्याच्या कडेने पहारीने नुसती चीर पाडलीत. सुपारीच्या मुळ्यांपाशी मात्र पहार बाजूला ठेवून हातांनी माती उकरलीत आणि केबल मुळ्यांखालून सरकवलीत. एका जांभ्याखाली बेडूक निघाला, तर केबलच हातभर वळवली! खाऱ्या हवेत जोड टिकत नाहीत म्हणून जमिनीखाली एकही जोड ठेवला नाहीत. वर पुन्हा पातेरा पसरलात. दुसऱ्या दिवशी केबल कुठून गेलीय, हे आईला सापडेना.

पहिल्या रात्री मला फसल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. पाच मिनिटं पायरीवर बसलो, डोळे सरावले, आणि पाखाडीची पायरीन् पायरी दिसायला लागली. दहाला टायमरने दिवे विझले, तेव्हा गाज जास्तच ऐकू आली.

फ्लडलाइटचं खोकं पडवीत आहे, त्यावर आईचं आमसुलं वाळवायचं सूप असतं. तुमच्या बिलात खोदाईचे पैसे लावायचे राहिलेत. रविवारी येतोय, तेव्हा नको म्हणू नका.